पहिला कॅमेरा : बगळ्याची पिसं दिसत नाहीत आणि फोकस उसाच्या पानावर बसतो

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी. भावाने नवा कॅमेरा घेतला आणि त्याचा कॅनन १५००डी माझ्याकडे आला. सोबत १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटर अशा दोन लेन्स आहेत. आजवर सगळे फोटो मोबाईलवरच काढले. आमचं गाव दौंड तालुक्यात आहे. घरामागे ओढा, पलीकडे ऊस. सध्या तोड चालू आहे, त्यामुळे रिकाम्या झालेल्या रानात गायबगळ्यांची रीघ लागलेली असते. हौस पक्ष्यांची आहे, पण बालवाडीत जाणाऱ्या लेकीचे फोटोही चांगले यावेत असं फार वाटतं. जानेवारीअखेर भिगवणला पक्षी बघायला जायचं घाटतंय. तोवर उजेड आणि फोकस या दोन गोष्टींवर तरी हात बसायला हवा.

अडचणी अशा. म्हशीच्या पाठीवर बसलेला बगळा टिपला तर म्हैस फार छान येते, अंगावर वाळलेला चिखलसुद्धा दिसतो. बगळा मात्र नुसता पांढरा डाग. चोच आहे, डोळा आहे, पिसं नाहीत. दुसरं म्हणजे, बांधावरच्या पक्ष्यावर नेम धरला तरी पुढचं उसाचं पान लख्ख येतं आणि पक्षी धूसर. तिसरं, लेकीचे संध्याकाळचे घरातले फोटो हटकून हललेले येतात. आणि व्ह्यूफाइंडरमधून बघताना सगळंच जरा पुसट दिसतं.

व्हिडिओ पुष्कळ पाहिले. निम्मे म्हणतात मॅन्युअलपासूनच सुरुवात करा, निम्मे म्हणतात ऑटोला हात लावू नका. मला आकडे पाठ करायचे नाहीत, असं का होतं ते समजून घ्यायचंय. जाणकारांनी सवडीने लिहावं.

मुरमुरा

ताई, सुरुवातीला हिरव्या ऑटोवर ठेवा आणि भरपूर फोटो काढा. चौकट कशी धरायची, ऊन कुठून येतंय, हे एकदा नजरेत बसलं की बाकीचं मागाहून जमतं.

चष्मेवाली

बाकीचं जाणकार सांगतीलच, पुसट दिसण्याचं मी सांगते. व्ह्यूफाइंडरच्या उजव्या कडेला एक बारीकसं चाक असतं. डोळ्याच्या नंबरप्रमाणे ते जुळवून घ्यायचं असतं. आधी कोणीतरी स्वतःच्या डोळ्याला लावून ठेवलेलं असणार. समोरच्या दृश्याकडे न बघता आतले फोकसचे छोटे चौकोन आणि खालचे आकडे यांच्याकडे बघा आणि ते कोरीव दिसेपर्यंत चाक फिरवा. १५००डीमध्ये ही सोय साधारण उणे २.५ ते अधिक ०.५ एवढीच आहे. नंबर त्याहून जास्त असेल तर चष्मा लावूनच बघा आणि चाकही चष्म्यासकट जुळवा. याचा फोटोवर काही परिणाम होत नाही, पण फोकस बसला की नाही हे तुम्हाला दिसणार कुठून? म्हणून हे सगळ्यात आधी करा.

रानवाटा

चष्मेवाली, हे अगदी पहिल्यांदा सांगायला हवं होतं ते तुम्ही सांगितलंत.

मुरमुरा, भरपूर फोटो काढावेत हे मान्य. पण बगळ्याची आणि फोकसची, या दोन्ही अडचणी हिरव्या ऑटोत सुटणार नाहीत. त्या मोडमध्ये हा कॅमेरा फोकसचा बिंदू निवडू देत नाही आणि फोटो उजळ-गडद करायची सोयही बंद असते. उलट उजेड कमी वाटला की फ्लॅश आपणहून वर येतो. ओढ्याकाठी यांना नेमक्या त्याच गोष्टी हातात हव्या आहेत.

आता बगळा. कॅमेऱ्यातल्या मीटरला बगळा कळत नाही, म्हैस कळत नाही. समोरून परत येणारा उजेड तो मोजतो आणि सगळं मिळून मधल्या राखाडी छटेइतकं यावं असं माप ठरवतो. परंपरेने ही छटा १८ टक्के उजेड परत फेकणारी धरतात. आजकालचे कॅमेरे चौकटीचे भाग पाडून जरा हुशारीने मोजतात, पण कल मधल्या छटेकडेच. तुमच्या चौकटीत मोठा भाग काळ्या म्हशीचा. मीटरला वाटतं इथे उजेड कमी आहे. तो म्हशीला राखाडीकडे उचलतो, म्हणून तिच्या अंगावरचा चिखल तुम्हाला एवढा छान दिसतो. त्या उचलण्यात बगळाही वर जातो आणि त्याला वर जायला जागाच नसते. सेन्सरचा तेवढा भाग काठोकाठ भरतो. मग पिसाची उजळ कड आणि तिच्या शेजारची सावली, दोन्हींची नोंद एकच होते.

आता तोच बगळा त्याच उन्हात जवळून, चौकट भरून टिपा. या वेळी मीटरला वाटेल उजेड फार आहे, आणि बगळा मळकट राखाडी येईल. पक्षी तोच, ऊन तेच, आणि निकाल बरोबर उलटा. हे दोन फोटो मुद्दाम काढून शेजारी शेजारी लावून बघा. उजेडाचं बरंचसं गणित त्यातच समजेल.

उपाय एका बटणाचा आहे. वरचं चाक एव्हीवर न्या. या मोडमध्ये लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र केवढं ठेवायचं ते आपण ठरवतो आणि शटर किती वेळ उघडं ठेवायचं ते कॅमेरा. पाठीमागचं 'एव्ही' आणि अधिक-उणेची खूण असलेलं बटण दाबून धरा आणि बोटाजवळचं चाक फिरवा. पट्टीवरची खूण डावीकडे गेली की फोटो गडद, उजवीकडे गेली की उजळ. पट्टीवरच्या एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत एक स्टॉप, आणि एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. म्हशीवरच्या बगळ्याला उणे १ पासून सुरुवात करा. चौकट भरणाऱ्या बगळ्याला अधिक १ च्या आसपास लागेल. म्हैस जरा काळवंडेल, तिची काळजी करू नका. चौकटीत सगळ्यात महत्त्वाचं काय आहे ते आधी ठरवायचं, त्याचा उजेड सांभाळायचा आणि फोकसही त्याच्यावरच ठेवायचा. सगळी बटणं त्यानंतर.

पडताळणीसाठी फोटो बघताना डिस्प बटण दाबत जा. हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ छटांच्या आलेखाचा पडदा येतो, तिथे जळालेला, म्हणजे नुसता पांढरा झालेला भाग लुकलुकतो. बगळा लुकलुकत असेल तर आणखी थोडं उणे. उन्हात उभं राहून पडद्यावरचा फोटो कसा दिसतो यावर भरवसा ठेवू नका, पडदा उन्हात नेहमीच अंधारा वाटतो.

दूरदेशी

रानवाटांच्या मुद्द्याला जोड. आम्ही कॅनडात राहतो. हिवाळ्यात अंगण बर्फाने भरलेलं असताना नुसत्या मीटरवर काढलेला प्रत्येक फोटो ढगाळ संध्याकाळचा वाटतो, बर्फ राखाडी-निळसर. अधिक १ वर नेलं की बर्फ बर्फासारखं. कडक ऊन असेल तर दीडपर्यंतही न्यावं लागतं. शाळेचा पांढरा गणवेश, मिठागरं, दह्याची वाटी, सगळ्यांना हेच लागू.

घाटमाथा

रानवाटा, मुद्दा बरोबर आहे, पण पक्ष्यांसाठी मी मॅन्युअलच सांगेन, म्हणजे छिद्र आणि शटर दोन्ही आपणच ठरवायचं, आणि त्याचं कारणही देतो. भिगवणला सुरय पक्षी पाण्यावरून उठतो. मागे आधी गडद पाणी, मग किनाऱ्याचा गाळ, मग आभाळ. एव्हीमध्ये पार्श्वभूमी बदलली की दर वेळी माप बदलणार आणि अधिक-उणेचं बटणही दर वेळी हलवावं लागणार. पण पक्ष्यावर पडणारं ऊन त्या काही सेकंदांत बदललेलं नसतंच! मग माप तरी का बदलावं?

उन्हाचं माप मीटरशिवायही काढता येतं. निरभ्र आकाश आणि चांगलं वर आलेलं ऊन असेल तर छिद्र एफ १६ ठेवायचं आणि शटर आयएसओच्या (आलेल्या उजेडाची नोंद किती मोठी करायची त्या आकड्याच्या) उलट, म्हणजे आयएसओ ४०० ला १/४०० सेकंद. तिथून छिद्र एकेक स्टॉप मोठं करत गेलं की शटर दुप्पट वेगवान होत जातं: एफ ११ ला १/८००, एफ ८ ला १/१६००, एफ ५.६ ला १/३२००. फिल्मच्या काळापासून चालत आलेला नियम आहे आणि आजही चालतो, कारण सूर्य तोच आहे. पांढऱ्या पक्ष्यासाठी यातून अर्धा-पाऊण स्टॉप आणखी कमी करा, पिसं राहतात.

एक मात्र लक्षात ठेवा. मॅन्युअलमध्ये आयएसओ 'ऑटो' ठेवला तर कॅमेरा पुन्हा मागच्या दाराने स्वतःचं माप लावतो. आयएसओ ठरावीक आकड्यावर बांधून ठेवा.

ओढ्याकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. चाक फिरवल्यावर व्ह्यूफाइंडर एकदम स्वच्छ झाला. आणि उणे १ ने बगळ्याला पिसं आली! मानेवरची तर मोजता येतील इतकी वेगळी. लुकलुकणं आता फक्त पाठीच्या एका ठिपक्यावर राहिलंय.

एफचे आकडे मात्र डोक्यात बसत नाहीत. ५.६ नंतर ८ आणि मग एकदम ११? आणि आकडा वाढला की छिद्र लहान का? घाटमाथा यांची साखळी वाचली, पण ती कशावर उभी आहे ते कळलं नाही.

काजवा

एफ म्हणजे भागाकार आहे, म्हणून उलटं वाटतं. लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेले मिलिमीटर) भागिले छिद्राचा व्यास. ५० मिलिमीटरच्या लेन्सचं छिद्र २५ मिलिमीटर उघडलं तर एफ २. साडेबारा मिलिमीटर उघडलं तर एफ ४. छिद्र लहान झालं की भागाकार मोठा.

आणि उजेड व्यासावर नाही, क्षेत्रफळावर ठरतो. व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ पाव होतं, म्हणजे एफ २ वरून एफ ४ वर जाताना एक नाही, दोन स्टॉप जातात. एकच स्टॉप कमी करायचा तर आकडा दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४ ने गुणावा लागतो. म्हणून १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. एकाआड एक आकडे बघितले तर ते दुप्पट होत जाताना दिसतील. एवढं कळलं की पाठांतराची गरज राहत नाही.

आयएसओचं वेगळं आहे. तो वाढवला म्हणून आत येणारा उजेड वाढत नाही, आलेल्या नोंदीला फक्त मोठं केलं जातं. रेडिओचं स्टेशन नीट लागलेलं नसताना आवाज वाढवला तर खरखरही मोठी होते, तसा फोटोतला दाणा मोठा होतो. तरी आयएसओला घाबरू नका. दाणेदार पण स्पष्ट फोटो ठेवता येतो, हललेला फोटो कशानेच सरळ होत नाही.

रानवाटा

घाटमाथा, उडत्या पक्ष्यांसाठी तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी एव्ही आणि अधिक-उणे, म्हणजे समोरचं दृश्य बघून 'इथे मीटर कुणीकडे ओढणार' याचा अंदाज येऊ लागतो. तो अंदाज नसताना थेट मॅन्युअलवर गेलेली माणसं पट्टीवरची खूण मध्यावर आणून समाधान मानतात. मग तो मॅन्युअल कसला? मीटरचंच ऐकलं, फक्त हाताने.

भिगवणसाठी एक जोड. कॅमेऱ्याचं सगळ्यात वेगवान शटर १/४००० आहे. भर उन्हात आयएसओ ८०० आणि एफ ५.६ ठेवलं तर घाटमाथांच्या हिशोबाने १/६४०० लागेल, ते या कॅमेऱ्यात नाही. फोटो जळेल. सकाळच्या कोवळ्या उन्हात मात्र दोन-तीन स्टॉप उजेड कमी असतो, तिथे आयएसओ ८०० च हवा. जसजसं ऊन चढेल तसा आयएसओ उतरवत या.

आता फोकस. आधी फोटोला नेमकं काय झालंय ते ओळखायला शिका, कारण 'धूसर' या एका शब्दाखाली तीन वेगळे आजार असतात आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे. फोटो पडद्यावर पूर्ण मोठा करा आणि चौकटभर हिंडा. कुठेतरी काहीतरी लख्ख आहे, पण ते पक्ष्याच्या पुढे किंवा मागे आहे? मग फोकस भलतीकडे बसला. सगळंच सारखं धूसर आहे आणि उजेडाचे ठिपके एकाच दिशेला ताणलेले आहेत? मग कॅमेरा हलला. मागची भिंत, जमीन स्पष्ट आहे आणि फक्त पंख किंवा हात पुसले गेलेत? मग समोरचा हलला.

उसाच्या पानाचा आजार पहिला. बिंदूंची निवड कॅमेऱ्यावर सोडली की तो नऊ बिंदूंपैकी सहसा जवळची आणि ठळक कडा असलेली वस्तू धरतो. उन्हातलं उसाचं पान याला फार सोपं सापडतं. पाठीमागे उजव्या कोपऱ्यात भिंगाची खूण असलेलं बटण आहे. ते दाबा आणि सेट दाबून फक्त मधला बिंदू निवडा. या कॅमेऱ्यात मधला बिंदूच उभ्या आणि आडव्या दोन्ही रेषा ओळखतो, त्यामुळे सगळ्यात भरवशाचा तोच. बसलेल्या पक्ष्याला वन शॉट (फोकस एकदा बसला की तिथेच थांबतो), बिंदू डोळ्यावर, अर्धं बटण, बीप, मग पूर्ण बटण. चालत्या-उडत्याला एआय सर्व्हो (फोकस पक्ष्यामागे सरकत राहतो), आणि अर्धं बटण दाबूनच ठेवायचं. सर्व्होत बीप येत नाही, तो बिघाड नाही.

तरीही पान मध्ये येत असेल तर पाऊलभर बाजूला व्हा. बिंदूची खरी जागा दिसणाऱ्या चौकोनापेक्षा थोडी मोठी असते, त्यामुळे फटीतून नेम धरूनही पान पकडलं जातं. लेन्सचा खटका एमएफवर टाकून कडं हाताने फिरवणं हाही चांगला मार्ग आहे. बसलेल्या पक्ष्याला तेवढा वेळ मिळतो.

भीमाकाठ

आम्ही इंदापूरकडचे, म्हणून भिगवणबद्दल थोडं. उजनी धरणाचं मागचं पाणी आहे हे. बोटी कुंभारगाव आणि डिकसळ दोन्हीकडे मिळतात आणि बोटवाले इथलेच मच्छीमार आहेत. पक्षी कुठे बसलेत हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. रोहित (फ्लेमिंगो) यावे तर पाणी उतरून उथळ भाग उघडा पडावा लागतो, म्हणून पाणी कसं आहे ते निघण्याआधी फोन करून विचारा. पट्टकादंब, चित्रबलाक, शेकाट्या, कुरव हे हिवाळ्यात दिसतातच.

बोटीत इंजिन चालू असताना लेन्स काठावर टेकवू नका. थरथर थेट फोटोत उतरते. कोपर पोटाशी धरा, लेन्सखाली डावा तळहात. बोटवाल्याला जवळ पोचायच्या आधीच इंजिन बंद करून बांबूने न्यायला सांगा. ऊन पाठीवर राहील अशी बोट लावायला सांगायला संकोच करू नका, त्यांना ते बरोबर कळतं. आणि कळकळीची विनंती, उडतानाचा फोटो हवा म्हणून थवा उठवायला सांगू नका. बोटवाल्यावर गिऱ्हाईकाचा दबाव येतो. ते पक्षी चरायला आलेले असतात, दर वेळी उठवलं की त्यांचं खाणं तुटतं. थांबलात तर ते आपले आपण उडतातच.

ओढ्याकाठी

भीमाकाठ, थवा उठवणार नाही, शब्द. २५० ची लेन्स पुरेल का? ओळखीतले एकजण म्हणाले ६०० शिवाय भिगवणला जाण्यात अर्थ नाही.

भीमाकाठ

पुरेल. २५० ने एकट्या सुरयाचा डोळा मिळणार नाही हे खरं. पण रोहितांची अख्खी रांग, तिचं पाण्यातलं प्रतिबिंब, मागचा धुक्यातला काठ हे २५० मध्येच बसतं. मोठ्या लेन्सवाले त्यासाठी मागे सरकायला जागा शोधत असतात.

घाटमाथा

सहमत. आणि २५० चं शटर किती हवं तेही लिहून ठेवतो. हात हलू नये म्हणून जुना ठोकताळा, शटर किमान १ भागिले फोकल लेंग्थ. तुमचा सेन्सर लहान असल्याने २५० ला १.६ ने गुणा, म्हणजे १/४०० तरी हवं. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन त्याहून कमीवर चालवून नेईल, पण ते तुमचा हात सावरतं, पक्ष्याचे पंख नाही. उडणाऱ्या पक्ष्याला १/१६०० च्या पुढे ठेवा.

काजवा

यात खोलीचा, म्हणजे पुढेमागे मिळून किती पट्टा स्पष्ट येतो त्याचा हिशोबही ध्यानात ठेवावा, कारण लांब लेन्सला फोकस चुकायला फार थोडी जागा असते. २५० मिलिमीटर, एफ ५.६, पक्षी १० मीटरवर, तर पुढेमागे मिळून साधारण ३४ सेंटिमीटरचा पट्टाच स्पष्ट येतो. तीन मीटरवर तोच पट्टा ३ सेंटिमीटर! ओढ्याकाठचा पक्षी जवळ आला म्हणून आनंद होतो, पण डोळा स्पष्ट आणि शेपूट धूसर हे तिथे व्हायचंच. म्हणून बिंदू छातीवर न ठेवता डोळ्यावर. याउलट ३० मीटरवरच्या रोहितांना जवळजवळ तीन मीटर खोली मिळते, तिथे थोडं मागेपुढे चालतं.

कासवचाल

लेकीच्या फोटोंचं राहिलंच की. आमच्याकडेही घरात धावणारं मूल आहे, त्यामुळे हे मनापासून लिहितेय.

घरातला उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, कारण डोळा जुळवून घेतो. कॅमेऱ्याच्या हिशोबाने तो बाहेरच्या उन्हाच्या शेकडो पट कमी असतो. मग एव्हीमध्ये कॅमेरा शटर १/१० वगैरे ठेवतो आणि तेवढ्यात मूल कुठल्या कुठे गेलेलं असतं. खेळणाऱ्या मुलाला १/२०० तरी हवं, बसून चित्र काढणाऱ्याला १/१०० चालतं. म्हणून घरात वरचं चाक 'टीव्ही' अशा खुणेवर ठेवा, त्या मोडमध्ये शटर तुम्ही ठरवा, आयएसओ ऑटो. १८-५५ ही लेन्स ५५ वर एफ ५.६ च देते, १८ वर एफ ३.५. म्हणजे झूम करून लांबून काढण्यापेक्षा झूम मागे घेऊन जवळ गेलात तर एक स्टॉपहून जास्त उजेड फुकट मिळतो. फक्त अगदी १८ वर चेहऱ्याच्या फार जवळ जाऊ नका, नाक मोठं येतं. २४ ते ३५ च्या मध्ये राहा.

ट्यूबलाइटचं एक बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूब आणि बरेच स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. १/१०० किंवा १/५० ला एक पूर्ण फेरी तरी पकडली जाते. १/२५० ला गेलात की एक फोटो उजळ, पुढचा पिवळट गडद, कधी चौकटीत आडवा पट्टा. असं झालं तर कॅमेऱ्यावर शंका घेऊ नका, १/१०० वर या.

आणि दुपारी चारला खिडकीशी सतरंजी टाकून द्या, खेळणी तिथेच. तुम्ही खिडकीच्या बाजूला भिंतीला पाठ लावून बसा, म्हणजे उजेड तिच्या चेहऱ्यावर कडेने येईल. माझे सगळ्यात आवडते फोटो असेच आलेत. पुढे कधी खर्च करावासा वाटला तर ५० मिलिमीटर एफ १.८ घ्या. एफ ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट उजेड आत घेते. १/१० चं १/१०० होतं.

काजवा

५० बद्दल पूर्ण अनुमोदन, पण एफ १.८ वर दीड मीटरवरून काढलं तर स्पष्ट पट्टा सहा सेंटिमीटरच मिळतो. मूल जरा पुढे झुकलं की डोळे गेले. एफ २.८ पासून सुरुवात करा. आणि बिंदू गुळगुळीत गालावर ठेवलात तर कमी उजेडात लेन्स नुसतीच मागेपुढे होत राहते, कारण फोकसला पकडायला कड लागते. पापणी किंवा केसांची रेघ धरा.

ओढ्याकाठी

वाचनखूण साठवली आहे! खिडकीचा प्रयोग केला. शटर १/१२५, आयएसओ ८००, आणि पापण्या एकेक वेगळ्या आल्या आहेत. घरात सगळ्यांनी तो फोटो मागून घेतला.

पक्ष्यांच्या बाबतीत एक नवी गोष्ट लक्षात आली. वन शॉटवर पक्षी बसलेला असतो, मी फोकस करते आणि तेवढ्यात तो उडतो. मेनूत जाऊन सर्व्हो लावेपर्यंत संपलेलं असतं. उलट कायम सर्व्होवर ठेवलं तर बसलेल्या पक्ष्याला चौकटीच्या कडेला घेता येत नाही, कारण बिंदू हलला की फोकसही हलतो. यावर काय करतात?

रानवाटा

हा प्रश्न पडला म्हणजे गाडी रुळावर आहे. यावरचा उपाय म्हणजे फोकसचं काम शटरच्या बटणाकडून काढून अंगठ्याकडे देणं. कस्टम फंक्शनमध्ये 'शटर/एई लॉक बटण' असा पर्याय आहे, तो १ वर ठेवा. आता पाठीमागचं ताऱ्याच्या खुणेचं बटण दाबलं की फोकस होतो आणि शटरचं बटण फक्त फोटो काढतं. मोड कायम सर्व्हो. पक्षी बसलेला असेल तर अंगठ्याने फोकस करून अंगठा उचला, फोकस तिथेच थांबतो, आता हवी तशी चौकट धरा. उडाला की अंगठा दाबून धरा, कॅमेरा त्याच्यामागे जातो. दोन्ही कामं मेनूला हात न लावता.

पहिले काही दिवस बोट-अंगठ्याची गल्लत होईल, म्हणून भिगवणच्या आदल्या रात्री हे बदलू नका. आजच बदला आणि ओढ्यावरच्या बगळ्यांवर सराव करा. घरातल्या कोणी कॅमेरा मागितला तर तेवढ्यापुरतं परत ० वर आणा, नाहीतर त्यांचे सगळे फोटो धूसर येतील.

मुरमुरा

हे मला माहीत नव्हतं, आजच करून बघतो. रानवाटा, सकाळी सूर्य समोर असताना काय करावं? सगळा थवा काळा येतो.

रानवाटा

दोनच मार्ग. पिसं हवी असतील तर अधिक १.५ ते २, आणि आभाळ जळणार हे धरून चालायचं. किंवा आभाळाचा रंग हवा असेल तर उणे १ आणि पक्षी काळ्या आकृतीसारखे राहू द्यायचे. रोहितांच्या लांब माना आणि पाय त्यात सुंदर दिसतात, फक्त दोन पक्षी एकमेकांवर आलेले नसावेत, नाहीतर आकृती कळत नाही. दोन्ही एका फोटोत मिळवायचा हट्ट धरला की दोन्ही जातात.

ओढ्याकाठी

शेवटचं विचारते. रॉमध्ये काढू की जेपेगमध्ये?

काजवा

रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो. तुमच्या कॅमेऱ्यात दोन्ही एकत्र ठेवायची सोय आहे, ती लावा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६ हजारांवर. म्हणून उणे १ वर काढलेली काळवंडलेली म्हैस रॉमधून नंतर बरीच वर काढता येते. जळालेला बगळा मात्र रॉमधूनही फारसा परत येत नाही, त्यामुळे लुकलुकण्यावरची नजर हलवू नका. कार्ड लवकर भरेल, भिगवणला जाताना एक जास्तीचं ठेवा. रॉ फाइल उघडून पुढे काय करायचं हा मोठा विषय आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा, म्हशीवरच्या बगळ्याची फाइलच उदाहरणाला घेऊ.